बिल्डरकडून पैसे घ्यावेत की बांधलेला दवाखाना?

मुंबईत नवा टॉवर उठला की महापालिकेच्या पदरात दोन वाटांनी काहीतरी पडतं. एक वाट रोकड्याची: विकास शुल्क, फंजिबल एफएसआयचा, म्हणजे नेहमीच्या मर्यादेवर मिळणाऱ्या जादा बांधकामाचा, प्रीमियम वगैरे. दुसरी बांधकामाची: सार्वजनिक सोयीसाठी आरक्षित भूखंडावर बिल्डरनं मंडई, दवाखाना असं काही बांधून पालिकेला फुकट द्यायचं आणि तिथलं चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाला मंजूर क्षेत्रफळ, स्वतः वापरायचं. ही सोय १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत होती, आताच्या ‘डीसीपीआर २०३४’ या नियमावलीतही आहे.

रोकड दिसायला सोपी. पण प्रीमियममध्ये राज्य सरकारही वाटेकरी, आणि पालिकेचा हिस्सा बजेटच्या मोठ्या हौदात जातो. गिरगावातल्या टॉवरचा पैसा गिरगावातच लागेल याची हमी काय? शिवाय बाजार मंदावला की सवलती. जानेवारी २०२१मध्ये सरकारनं ते वर्ष संपेपर्यंत प्रीमियम निम्मे केले. ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरनं भरायचं, अशी अट होती.

बांधलेली वास्तू निदान वॉर्डात राहते. दादर-परळला पैसे मोजूनही जागा मिळणार कुठे? पण ग्यानबाची मेख पुढे आहे. दवाखाना पोडियमच्या, म्हणजे टॉवरखालच्या रुंद मजल्यांच्या, मागच्या अंगाला, वाट सोसायटीच्या गेटातून, आणि वॉचमन रजिस्टर पुढे सरकवून विचारतो, "किधर जाना है?" केस पेपर काढायला आलेली मावशी तिथूनच मागे फिरते. डॉक्टर-नर्सचा पगार तर शेवटी पालिकेच्याच तिजोरीतून.

तरी माझं मत बांधकामालाच. फक्त दार थेट रस्त्यावर उघडावं, आणि ताबा दिल्याशिवाय विक्रीच्या इमारतीला पूर्ण ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) देऊ नये.