रॉलीचा म्युझियम पार्क: पानगळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा अनुभव

अमेरिकेतल्या रॉली शहरात नॉर्थ कॅरोलायना म्युझियम ऑफ आर्टला लागून 164 एकरांचा हा पार्क आहे. गेल्या पानगळीपासून आम्ही इथे नेमाने फिरायला येतो. तिकीट नाही, आणि सोमवारी-मंगळवारी म्युझियम बंद असलं तरी पार्क उघडाच असतो. त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायची घाई करू नका. इथली शिल्पं ऋतूंबरोबर बदलतात, तेव्हा पुन्हा पुन्हा येण्यातच खरी मजा आहे.

माझं सर्वांत आवडतं म्हणजे झाडीतली ख्रिस ड्रुरी यांची छोटी दगडी झोपडी, 'क्लाउड चेंबर' (2003). आत शिरून दार लावून घ्यायचं. आधी काहीच दिसत नाही, आणि बरेच लोक तेवढ्यातच बाहेर पडतात. तुम्ही डोळे सरावेपर्यंत थांबा. छपरातल्या बारीक छिद्रातून येणाऱ्या उजेडात बाहेरचं आभाळ आणि झाडं जमिनीवर, भिंतींवर उलटी उमटू लागतात. शाळेत आपण खोक्याचा सूचिछिद्र कॅमेरा करायचो ना, इथे आपण त्याच्या पोटात उभे असतो! जानेवारीत निष्पर्ण फांद्यांची नक्षी अगदी रेखीव दिसली होती. मे महिन्यात पाहिलं तर पायाखाली सगळी पानं हलत होती. ढगाळ दिवशी मात्र जाऊ नका, चित्र फारच पुसट येतं.

उघड्या माळावर थॉमस सेअर यांची 'जायर' (1999) ही तीन प्रचंड लंबवर्तुळाकार कडी आहेत. जमिनीतच साचे खणून, लोहाच्या ऑक्साइडने रंगवलेलं काँक्रीट ओतून ती घडवली आहेत, म्हणून त्यांचा रंग इथल्या तांबड्या मातीशी मिळतो. मुलं त्यांतून आरपार धावतात. संध्याकाळी सावल्या लांबल्या की शिल्प गवतावर दुपटीने पसरतं, तीच वेळ गाठा.

पूर्वी या जागेवर तरुण कैद्यांचा तुरुंग होता, त्याचं धुराडं अजून उभं आहे. ते मुद्दाम राखलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

सायकलवाल्यांसाठी रीडी क्रीकची पक्की वाट पार्कातूनच जाते आणि पुढे हायवेवरचा पूल ओलांडते. एप्रिलमध्ये पाइनचे पिवळे पराग सगळीकडे साचतात, ॲलर्जी असेल तर जपा. जुलैत माळावर सावली नाही, सकाळी लवकर या. रानवाटेवर गोचिडी असतात, पूर्ण पँट घाला. आई-बाबा भारतातून आले असतील तर आधी म्युझियमच्या वेस्ट बिल्डिंगजवळची फ्रेंच शिल्पकार रोदँची शिल्पं दाखवा, ती पार्किंगपासून जवळ आहेत.