ठकीचं पोट: डिफ्यूझर, गोळी की खिडकी?

मांजर चाटून चाटून पोट आणि मांड्यांची आतली बाजू उघडी पाडतं. डॉक्टर तपासून ‘स्ट्रेस दिसतोय’ म्हणतात. मग आपल्यापुढे तीन वाटा उरतात: प्लगमध्ये लावायचा फेरोमोन डिफ्यूझर (मांजराला निवांत करणारा वास घरात सोडणारी बाटली), रोजची गोळी, नाहीतर घरातल्याच गोष्टी हलवणं. डिफ्यूझर आणि घरातली हलवाहलव आमच्या ठकीवर करून झाली. गोळीचा अनुभव बहिणीच्या बोक्याचा. ती गावाला गेली की द्यायचं काम माझ्याकडे असायचं.

‘स्ट्रेस’ या निदानावर मात्र लगेच विसंबू नका. २००६ साली अमेरिकेच्या पशुवैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास आला होता. मानसिक कारणानं चाटतात असं समजल्या गेलेल्या २१ मांजरांची त्यात नीट तपासणी झाली. १६ जणांना निव्वळ शारीरिक कारण निघालं, बरंचसं अन्नाच्या अ‍ॅलर्जीचं. फक्त मानसिक कारण दोघांनाच, आणि तिघांना दोन्ही. पिसवांचंही तसंच. मांजर त्या चाटून गिळून टाकतं, त्यामुळे ‘आमच्याकडे दिसल्या नाहीत’ याला फारसा अर्थ नाही. (कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असलं तर जिवावर बेततं.) फक्त पोटच चाटत असेल तर मूत्राशयाचं दुखणंही बघून घ्यावं. एवढं सगळं निस्तरून झालं असेल तरच पुढचं वाचा.

डिफ्यूझरची कल्पना मला अजूनही आवडते. मांजर गाल घासून ‘ही जागा माझी’ असा जो वास सोडतं, त्याची ही नक्कल. आपल्याला त्याचा वास येत नाही, मांजराला पकडावं लागत नाही, आणि एक बाटली साधारण महिनाभर पुरते. अभ्यासांचे निष्कर्ष उलटसुलट आहेत, पण त्रास काही नाही, म्हणून मी आधी तोच आणला.

आणि अडलो प्लग पॉइंटपाशी. डिफ्यूझर सरळ उभा हवा, त्याच्यासमोर सोफा किंवा पडदा नको, वर फळी नको, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. आपल्या फ्लॅटमधले खालचे पॉइंट आठवून बघा. एक सोफ्यामागे, एक फ्रिजमागे, एक टीव्हीच्या कपाटाआड. मोकळा सापडला तो दारामागचा, तोही आडवा. एक्स्टेन्शन बोर्ड लावला, तर केर काढणाऱ्या मावशी तो इमानेइतबारे रोज बंद करून जायच्या. बरं, सगळं जमवलं तरी बाल्कनीचं दार सकाळपासून उघडं आणि डोक्यावर पंखा. बंद खिडक्यांच्या, हीटर लावलेल्या घरांत तो वास टिकत असेलही. आमच्याकडे तो ठकीपेक्षा समोरच्या बिल्डिंगला जास्त लाभला असावा. रिफिल संपली की पुढची कधी येईल याचाही नेम नसे. ठकी थोडी निवांत वाटायची, नाही असं नाही, पण पोट तसंच.

गोळीबद्दल जपून लिहितो, कारण काही मांजरांना तिच्यावाचून गत्यंतर नसतं. चाटून जखमा होत असतील, किंवा बाकी सगळं करून थकला असाल, तर डॉक्टरांशी बोलायला लाजू नका. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधाचा असर दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, भूक कमी होऊ शकते, आणि मनात आलं म्हणून एकदम बंद करता येत नाही. माणसांची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल मांजराच्या डोसच्या कितीतरी पट असते, त्यामुळे केमिस्टकडून आणून अंदाजानं देण्याचा विषयच नको. बहिणीच्या बोक्याला गुण आला. पण गोळी कडू, तोंडाला फेस यायचा, आणि स्ट्रिपचा आवाज आला की स्वारी पलंगाखाली. आधीच घाबरलेल्या जनावराला रोज जबड्याला धरायचं, हे मला झेपलं नसतं.

चाटता येऊ नये म्हणून गळ्यात अडकवतात त्या प्लास्टिकच्या कोनाबद्दल एवढंच: जखम वाचवायला ठीक, मनाला त्याचा उपयोग नाही.

राहिली खिडकी. ठकी नेमकी कधी चाटत बसते हे पाहत राहिल्यावर लक्षात आलं, की कंपाउंडच्या भिंतीवर तो दांडगा पांढरा बोका येऊन बसला की ही पाच-दहा मिनिटांत पोटाला लागते. काचेच्या खालच्या अर्ध्या भागाला दुधी फिल्म चिकटवली. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते, बाथरूमच्या काचेला लावतात तीच. कपाटाच्या माथ्यावर जुनी चादर अंथरून तिला चढायला स्टूल ठेवलं. संध्याकाळी काडीला बांधलेल्या पिसांमागे दमेपर्यंत पळवायचं आणि लगेच जेवण द्यायचं, दोन्ही ठरल्या वेळेला. चाटायला लागली तरी ओरडायचं नाही, काडी थोडी दूर हलवायची.

यात कष्ट आहेत. खेळ एकही दिवस चुकवून चालत नाही आणि पाहुण्यांना अर्धी दुधी खिडकी विचित्र दिसते. त्रास बांधकामाच्या ड्रिलचा असेल तर फिल्म काय करणार? तिथे एका छोट्या बंद खोलीत डिफ्यूझरला मीही संधी देईन.

आमच्याकडे मात्र पारडं खिडकीकडे झुकलं. जावळ काढल्यासारखं झालेलं ठकीचं पोट आधी हाताला खरखरीत लागायचं, कारण केस गळलेले नसतात, जिभेनं तुटलेले असतात. फरक बघायचा असेल तर उलट्या दिशेनं हलकेच बोट फिरवा. टोकं मऊ लागायला लागली की केस वाढतायत असं समजा. नुसत्या डोळ्यांना हे बऱ्याच उशिरा दिसतं, आणि नेमक्या त्या मधल्या काळात लोक कंटाळून उपाय बदलतात.