काळा डाग: स्पीड पाडायचा की व्हेंट साफ करायचा?

रबाळे एमआयडीसीत इंजेक्शन मोल्डिंग मशीनवर एबीएस प्लॅस्टिकची झाकणं काढताना एकाच कोपऱ्यावर काळा डाग यायला लागला. ऑपरेटरने सवयीने इंजेक्शन स्पीड, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक मोल्डमध्ये (साच्यात) भरायचा वेग, पाडला. उपाय दोन मिनिटांचा आणि फुकटचा. मोल्डमधल्या हवेला निसटायला वेळ मिळतो, डाग फिका पडतो. पण मटेरियल वाटेतच थंडावतं, वेल्ड लाइन (प्लॅस्टिकचे दोन प्रवाह जुळतात तिथली रेघ) उठून दिसते, कधी कोपरा अर्धवटच भरतो. फक्त शेवटच्या टप्प्यात स्पीड उतरवला तर त्रास जरा कमी.

व्हेंट, म्हणजे मोल्डमधली हवा बाहेर जायची बारीक खाच, साफ करणं मात्र मुळाशी जातं. कोपऱ्यात कोंडलेली हवा दाबली गेली की डिझेल इंजिनातल्यासारखी तापते आणि प्लॅस्टिक जाळते. मोल्ड उघडून पाहिला, तर व्हेंट पिवळट, मेणचट थराने पार बुजलेला! पितळी पट्टीने हळूच खरवडला. एबीएसला साधारण ०.०३ मिलिमीटर खोली पुरते. पीपीला (पॉलिप्रॉपिलीन) त्याहून कमी, नाहीतर कडेला फ्लॅश, म्हणजे जादा प्लॅस्टिकची पातळ पापडी. मशीन दोन तास बंद राहिलं, सुपरवायझर कुरकुरला. तरी मी आधी व्हेंटच बघेन. स्पीड पाडणं ही माल न्यायला गाडी दारात उभी असतानाची सोय.

डाग दर शॉटला (मोल्डच्या दर भरणीला) जागा बदलत असेल, तर हे दोन्ही सोडा आणि बॅरलचं, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणाऱ्या नळीचं, तापमान तपासा.