उंचीच्या आकड्यातला दशांश : नकाशाच्या अ‍ॅपचे आठ महिने

अ‍ॅपचं नाव मुद्दामच घेत नाही. नकाशावर बोट दाबून धरलं की खालच्या पट्टीत त्या जागेची उंची दाखवणारी अ‍ॅप पैशाला पासरी आहेत, आणि त्यातली बरीचशी एकाच विहिरीचं पाणी पितात. मी मात्र वर्षाचे ११९९ रुपये मोजून बसलोय, तेव्हा चार शब्द बोलायचा हक्क आहे.

भोर तालुक्यात डोंगरउतारावर आमची सव्वा एकर सीताफळ आहे. विजेच्या वेळा कुणाच्याच हातात नाहीत, म्हणून ठरवलं की वर टाकी ठेवायची, वीज असेल तेव्हा भरून घ्यायची आणि ड्रिप उतारानेच चालवायचं. ड्रिपरला साधारण १ किलो प्रेशर लागतं, म्हणजे १० मीटर उंची. टाकीसाठी देवराईच्या कडेची जागा धरली. तिथे बोट टेकवलं तर ६९४.७ मीटर. प्लॉटच्या वरच्या ओळींवर टेकवलं तर ६८०.९. फरक १३.८. पाइपातली घट धरूनही भरपूर, असं म्हणत चौथऱ्याचा खर्च कापला आणि टाकी थेट जमिनीवर टेकवली. त्या रात्री पैसे वाचल्याच्या आनंदात झोपही छान लागली.

पाणी सोडलं तर वरच्या चार ओळींत ड्रिपरच्या तोंडाशी थेंब लोंबकळतोय आणि पडायचं नाव नाही. फिटर म्हणाला फिल्टर चोंदलाय. तीनदा धुतला. मग म्हणाला लॅटरलच (ओळीतल्या ड्रिपरच्या नळ्या) बदला. त्यावर आमचे तात्या (वय ७४, गवंडीकामात आयुष्य गेलं) घरातून लेव्हल पाइप घेऊन आले. पारदर्शक नळी, त्यात पाणी, मधला बुडबुडा टिचक्या मारून काढायचा, एक टोक मी धरायचं आणि दुसरं त्यांनी. टाकीच्या बुडापासून वरच्या ओळीपर्यंत टप्प्याटप्प्याने उतरत गेलो, प्रत्येक टप्प्याचा उतार वहीत लिहिला. बेरीज ७ मीटर ६० सेंटिमीटर. तात्यांनी मोबाइलकडे पाहिलं, बोलले काहीच नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मग चिडून खोलात गेलो. अ‍ॅपच्या ‘माहिती’ पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय : एसआरटीएम. म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने केलेली मोजणी. दाट झाडीत रडार जमिनीपर्यंत पोचत नाही, शेंड्यांच्या आसपासच कुठेतरी परततं. मी देवराईच्या कडेला बोट टेकवून जमिनीची नव्हे, झाडांची उंची घेत होतो. शिवाय एक चौकोन सुमारे ३० मीटर गुणिले ३० मीटरचा, म्हणजे जवळपास ९ गुंठ्यांना मिळून एकच आकडा. आमचा अख्खा प्लॉट पाच-सहा आकड्यांत आटोपला. बांध, ताली, मधली घळ, सगळं त्यात विरघळलेलं. शेजाऱ्यांनी २०१८ मध्ये खणलेलं शेततळं तर अ‍ॅपला अजून उतारच वाटतं. तेही समजू शकतो, मोजणीच जुनी आहे.

पण तो दशांश! भाच्याने मूळ फाइल फुकटात उतरवून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि एकेका चौकोनावर टिचकी मारत गेला : ६९५, ६९३, ६८१. सगळे पूर्ण आकडे. एसआरटीएमच्या त्या फाइलमध्ये उंची अख्ख्या मीटरातच नोंदलेली असते. मग माझा .७ आला कुठून? शेजारच्या चार चौकोनांची अंतरानुसार सरासरी काढून अ‍ॅपने तो शिजवला. ‘सुमारे ६९५’ असं लिहिलं असतं तर मी चौथरा बांधला असता. ६९४.७ म्हटल्यावर वाटतं कुणीतरी डंपी लेव्हल (मोजणीवाल्यांची दुर्बीण) लावून मोजलंय. मधल्या एका अपडेटनंतर तर दोन दशांश दिसू लागलेत. नकाशा लांबून पाहताना बोट टेकवलं तर त्याच जागेचा आकडा वेगळा, जवळ जाऊन टेकवलं तर वेगळा, कारण लांबून पाहताना अ‍ॅप आणखी ढोबळ चौकोन वापरतं. तरी दशांश दोन्हीकडे तितक्याच ऐटीत.

एक तक्रार मात्र मागे घेतो. आमच्या अंगणात अ‍ॅप ६१३ दाखवतं आणि मोबाइलचं जीपीएस ५४९. मी तावातावाने मेल केला. उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ पण इथे चूक माझीच होती. कच्चं जीपीएस पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून उंची मोजतं, तर नकाशा समुद्रसपाटीपासून. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे, आणि श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभराच्याही पुढे. दापोलीला मुरूडच्या पुळणीवर उभं राहून कच्चं जीपीएस पाहिलं तेव्हा उणे साठच्या पुढचा आकडा आला आणि पाय ओले होते. तेव्हा पटलं.

आणखी एक कबुली. ओढ्यावरून विहिरीच्या कुंडीपर्यंत पाणी चढवायचं होतं, तेव्हा फिटर साडेसात एचपीच्या मोटरवर अडून बसला होता. अ‍ॅपने चढ ५८ मीटर सांगितला. दोन्ही टोकं उघड्यावर, आसपास झाड नाही. त्या हिशोबाने पाच एचपीची घेतली. पाइप भरून मोटर बंद केल्यावर खालच्या गेजवर काटा पावणेसहा ते सहा किलोच्या मध्ये थांबला. म्हणजे मीटर-दोन मीटरचा फरक. मोटरच्या किमतीत वाचलेल्या पैशांत अ‍ॅपची वर्गणी कित्येक वर्षांची निघते. त्यामुळे आधी एक तारा देणार होतो, तो तीन केला. पन्नास-साठ मीटरच्या चढात पाच-सहा मीटरची चूक मोटर पोटात घालते, ड्रिपला ती भोवते.

टाकीखाली आता अडीच मीटरचा चौथरा चढतोय. सिमेंट, खडी, वाळू, मजुरी धरून वाचवलेल्याच्या दुप्पट गेले. वर्गणीची मुदत चार महिन्यांनी संपतेय, भरेन बहुतेक. तात्यांनी लेव्हल पाइप परत नेलेला नाही, पडवीतल्या खुंटीला टांगून ठेवलाय.