शेवटचा अंक जपणारं सॉफ्टवेअर : पारी-जीपी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर मी हिशेब लिहितो. सौदे उरकले, पट्ट्या झाल्या की मोबाईलवर मोठ्या संख्या त्यांच्या मूळ अवयवांत फोडत बसतो, त्या पारी-जीपीवर. फ्रान्सच्या बोर्दो विद्यापीठात वाढलेलं हे सॉफ्टवेअर पूर्ण फुकट आहे. कॉम्प्युटरवर, अँड्रॉइडवर चालतं, नाहीतर त्यांच्या साईटवर ब्राउझरमध्येच उघडतं.

ते मला का आवडतं, हे एका संख्येवरून सांगतो. नऊ एक्के, १११११११११, यांचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी अभ्यासलेल्या, 'डेम्लो' नावाच्या संख्यांपैकी ही एक. दहा अंकी कॅल्क्युलेटर हिला १.२३४५६७८९९ गुणिले १० चा १६ वा घात करून टाकतो. एक्सेल पंधरा अंक धरतो आणि शेवटच्या २१ च्या जागी ०० ठेवतो. वाटतं, एवढ्यानं काय होतंय? सगळंच होतं! विषम संख्या सम झाली, वर्ग होती ती वर्ग राहिली नाही, ९ नं भाग जायचा तोही जाईना.

पारीत एकही अंक हलत नाही. 'फॅक्टर' म्हटलं की उत्तर येतं: ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग, ३३३६६७ चा वर्ग. विभाजक किती विचारलं तर ४५. विभाजकांची संख्या विषम, कारण संख्या वर्ग आहे. विभाजक जोडीजोडीनं येतात, पण वर्गमूळाला दुसरा जोडीदार नसतो. नववीतल्या पुतणीला हे पडद्यावर दाखवलं, तर तिनं स्वतःहून दुसऱ्या वर्गसंख्या घालून बघितल्या.

मग एक्क्यांचा नाद लागतो. १७ एक्के फुटतात: २०७१७२३ गुणिले ५३६३२२२३५७. १९ एक्के फुटत नाहीत, २३ सुद्धा नाहीत. त्यानंतर थेट ३१७ एक्क्यांची संख्या मूळ, म्हणजे न फुटणारी, निघते.

इथेच या सॉफ्टवेअरचा प्रामाणिकपणा दिसतो. मूळ संख्या तपासायला दोन वेगळे हुकूम आहेत. 'इज-स्यूडोप्राइम' झटकन सांगतो. त्याला फसवणारी संयुक्त संख्या अजून कुणाला सापडलेली नाही, पण ती नसेलच असं सिद्धही झालेलं नाही. 'इज-प्राइम' वेळ घेतो आणि सिद्ध करूनच १ किंवा ० देतो. खात्री आणि दाट शक्यता यांची गल्लत करत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

बटणं नाहीत, सगळे हुकूम इंग्रजीत टाइप करायचे, माहितीपुस्तिकाही इंग्रजी. मोबाईलवर घाताचं चिन्ह शोधताना बोटं दुखतात. शंभर-शंभर अंकी दोन मूळ संख्यांचा गुणाकार घालून तो फुटायची वाट बघू नका. ते कुठल्याच मोबाईलचं काम नाही.

पाचपैकी पाच तारे. शिष्यवृत्तीच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी ब्राउझरवाली आवृत्ती आधी उघडावी आणि पहिली संख्या मुलांनाच निवडू द्यावी.