मुंबईचं एनएलयू, चर्चगेटचं जीएलसी की गावाजवळचं लॉ कॉलेज?

बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीला जायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो कॉलेजच्या नावाचा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. आधी ठरवायचं ते हे की मुलाला किंवा मुलीला कोर्टात उभं राहायचंय, लॉ फर्ममध्ये जायचंय की न्यायाधीश व्हायचंय. या तीन वाटांवर पैसा अगदी वेगळ्या वेळी आणि वेगळ्या वेगाने येतो, त्यामुळे फी परवडते की नाही हेही त्यावरच ठरतं.

मुंबईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात, म्हणजे एनएलयूत (नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरलाही अशी विद्यापीठं आहेत) प्रवेश क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून मिळतो. राज्यातल्या अधिवासी मुलांसाठी काही जागा राखीव असतात. एनएलयूचा खर्च हॉस्टेल-मेस धरून वर्षाला साधारण तीन लाख समजा, म्हणजे पाच वर्षांचे पंधरा लाख. त्यातून मिळतं काय? मोठ्या कॉर्पोरेट लॉ फर्म भरतीसाठी कॅम्पसवर येतात आणि तिथली सुरुवातच वर्षाला पंधरा लाखांच्या वर असते. पण ही नोकरी वर्गातल्या सगळ्यांना लागत नाही, आणि जुन्या, नामांकित एनएलयूंचा पगडा अजून मोठा आहे. म्हणून कॉलेजने छापलेल्या ‘सर्वाधिक पॅकेज’कडे बघूच नका. प्लेसमेंटला किती मुलं बसली, त्यातल्या किती जणांना लागली आणि पगारांच्या यादीत बरोबर मधे येणाऱ्या मुलाला किती मिळाले, एवढं विचारा. आकड्याऐवजी नुसती फर्मची नावं ऐकवली, तर काय समजायचं ते समजा.

हेच पंधरा लाख कर्जाने उभे केले तर? दरवर्षी तीन लाख उचलले, व्याज दहा टक्के धरलं आणि शिकताना काहीच भरलं नाही, तर सरळव्याजानेच साडेचार लाख चढतात. मग साडेएकोणीस लाखांचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला पंचवीस हजारांच्या वर जातो. आता दुसरी बाजू. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये मानधन द्यावं असं सुचवलं. सुचवलं, बंधनकारक केलं नाही. ही शिफारस तंतोतंत पाळणारा सिनियर भेटला तरी पूर्ण मानधन हप्त्याला पुरत नाही. कोर्टाची आवड असलेली मुलं फर्ममध्ये जाऊन बसतात, त्यामागे पुष्कळदा हा हप्ता असतो.

जीएलसीचं, म्हणजे चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयाचं गणित याच्या उलट आहे. 1855 सालचं हे कॉलेज. टिळक इथे शिकले, डॉ. आंबेडकर 1935 मध्ये इथे प्राचार्य झाले. वर्षाची फी काही हजारांत. त्याहून मोलाची आहे ती जागा: हायकोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर आणि आसपास वकिलांची चेंबर्स. सकाळी लेक्चर, दुपारी चेंबर हा इथला जुना रिवाज आहे. बोर्ड (त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी) कसा वाचायचा, मॅटर मेन्शन कसं करायचं (प्रकरण लवकर ऐका असं कोर्टाला कसं सांगायचं), सिनियरला हवं असलेलं जजमेंट दहा मिनिटांत कसं शोधायचं, हे मुलं वकिलीची सनद मिळण्याआधीच शिकतात. कॉर्पोरेट फर्मची दारंही बंद नाहीत, पण इंटर्नशिप स्वतः मिळवून आत शिरावं लागतं. मेख आहे ती राहण्याची. डोंबिवली-ठाण्यात घर असेल तर जीएलसीला तोड नाही. सांगली-लातूरहून येणाऱ्याला मात्र पीजी आणि खाण्याला महिन्याला पंधरा हजार सहज लागतात, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. स्वस्त फीचा फायदा तिथेच निम्मा संपतो.

पुण्याचं आयएलएस लॉ कॉलेज यांच्या मधलं: नाव चांगलं, जीएलसीसारखाच एमएच सीईटी या राज्याच्या परीक्षेतून प्रवेश, एनएलयूच्या मानाने खर्च आटोपशीर. खासगी अभिमत विद्यापीठांची फी मात्र एनएलयूच्या बरोबरीला किंवा वर जाते. तिथे कर्ज काढून जाण्याआधी मी तरी दहादा विचार करेन.

गावाजवळच्या कॉलेजला लोक उगाच नाक मुरडतात. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या मुलांना हायकोर्टाच्या कामासाठी मुंबई गाठायची गरज उरली नाही. कोल्हापूरच्या शहाजी लॉ कॉलेजात शिकून तिथल्याच चेंबरला बसणारी मुलगी कर्जाशिवाय सनद घेईल. सनदेची नोंदणीही आता स्वस्त आहे; सुप्रीम कोर्टाने 2024 मध्ये ती खुल्या प्रवर्गाला 750 आणि एससी-एसटीला 125 रुपयांवर बांधली. शिवाय कॅप (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र अशा काही कॉलेजांत वर्ग भरतात तेवढ्यापुरतेच. एक दिवस जाऊन लायब्ररी उघडी असते का आणि मूट कोर्ट (सरावाचं लुटुपुटूचं कोर्ट) कधी झालं होतं, हे बघून या.

न्यायाधीश व्हायचं असेल तर मे 2025 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली लागते. पूर्वी एलएलबीचा निकाल लागताच परीक्षेला बसता यायचं. आता ही तीन वर्षं ज्युनिअरशिपच्या मानधनावर काढायची आहेत, तेव्हा पंधरा लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन या वाटेला जाऊ नका. परीक्षेत कॉलेजचं नाव कोणी विचारत नाही.

माझा कौल असा: फर्मच हवी, क्लॅटचा रँक वरचा आणि घरचे निदान निम्मा खर्च उचलणार असतील, तर एनएलयू. मुंबईत घर असेल आणि कोर्ट हवं असेल, तर डोळे मिटून जीएलसी. बाकीच्यांनी आपल्या भागातलं हायकोर्टाचं बेंच कुठे आहे ते आधी बघावं.

एक व्यवहाराची गोष्ट. क्लॅट डिसेंबरात होते, एमएच सीईटीच्या कॅप फेऱ्या पावसाळ्यात. एनएलयूची जागा पक्की करायचे पैसे जीएलसी मिळणार की नाही हे कळण्याआधीच भरावे लागतात. जागा सोडल्यास त्यातले किती परत मिळतात, ते भरण्याआधी नियमात वाचा.