ग्लासगोची वॉकिंग टूर: 5 पैकी 4 स्टार, एक स्टार असईसाठी कापला

आपल्याकडचे लोक स्कॉटलंडला गेले की एडिनबरो करतात, तिथून हायलँड्स आणि मग घरी. ग्लासगो म्हणजे ट्रेन बदलायची जागा. आमचंही तसंच ठरलं होतं, पण ऑगस्टमध्ये फेस्टिवलमुळे एडिनबरोतल्या हॉटेलांचे रेट बघून डोळे पांढरे झाले, म्हणून मुक्काम ग्लासगोत टाकला आणि एडिनबरो ट्रेनने एका दिवसात उरकलं. तासाभराचाही प्रवास नाही. हे आमच्या हातून झालेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

पहिल्याच सकाळी 'शेवटी वाटेल तेवढे पैसे द्या' टाइपची वॉकिंग टूर घेतली. अडीच तास, ग्रुपमध्ये पंचवीसेक माणसं, त्यामुळे मागे राहिलात तर काही ऐकू येत नाही, गाइडला चिकटूनच चालायचं. गाइड पन्नाशीची, भयंकर बोलकी. पहिली दहा मिनिटं मला तिचं एक अक्षर कळलं नाही, मग हळूहळू कान बसला. तिच्या तोंडी प्रत्येक गोष्ट 'वी', म्हणजे छोटीशी. 'वी' चढ म्हणून आम्हाला कॅथीड्रलमागच्या नेक्रोपोलिसच्या, म्हणजे जुन्या कबरस्तानाच्या टेकडीवर नेलं, तिथे माझी छत्री उलटी झाली ती झालीच. छत्री नेऊच नका, टोपीचा रेनकोट बरा. कॅथीड्रल मात्र चुकवू नका, आत फुकट आहे आणि खाली तळघरात ग्लासगोचा संत मानल्या जाणाऱ्या सेंट मंगोची समाधी आहे, दगडी खांबांच्या त्या अर्धवट अंधारात आमचा अख्खा ग्रुप आपोआप हळू आवाजात बोलायला लागला.

शेवटचा स्टॉप मॉडर्न आर्ट गॅलरी. ही इमारत म्हणजे मुळात विल्यम कनिंगहॅम नावाच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा वाडा, आणि तो पैसा अमेरिकेतल्या गुलामांच्या घामाचा, हे तिने काही आडपडदा न ठेवता सांगितलं, आवडलं. दारासमोर घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन, नेपोलियनला वॉटर्लूच्या लढाईत हरवणारा ब्रिटिश सेनापती, 1844 चा पुतळा, आणि त्याच्या डोक्यावर रस्त्यावर ठेवतात तो ट्रॅफिकचा केशरी कोन, जरासा वाकडा! काढला की लोक पुन्हा चढवतात. 2013 मध्ये कौन्सिलने चौथरा उंच करायचा प्लॅन केला तर लोकांनी असा गोंधळ घातला की तो गुंडाळावा लागला.

सगळे सेल्फी काढत होते तेव्हा मी चौथऱ्यावरची ब्राँझमधली लढायांची दृश्यं बघत होते. काळपट हिरवं झालेलं, पावसाचे ओघळ. एका बाजूला वॉटर्लू हे गाइडने सांगितलं होतं, दुसरीकडचं कुठलं ते नवऱ्याने फोनवर शोधलं आणि म्हणाला, अगं ही असई! म्हणजे आपली भोकरदनजवळची असई, 23 सप्टेंबर 1803, समोर शिंदे आणि नागपूरकर भोसले. वॉटर्लूच्या बारा वर्षं आधी, हा ड्यूक तेव्हा नुसता आर्थर वेलस्ली होता. आणि त्या दिवशी त्याच्या बाजूने सगळ्यात जास्त मार खाल्ला तो स्कॉटिश 74 व्या हायलँडर पलटणीने. शाळेत चार ओळींत वाचलेली लढाई तिथे पावसात अशी समोर आली की मला एकदम भरूनच आलं, का ते सांगता येणार नाही, हरलो होतो आपण.

गाइडला विचारलं तर तिला काहीच माहीत नाही! रोज त्या पुतळ्यासमोर उभी राहते बाई. एक स्टार तिथे गेला.

बाकी फिरायला सबवे, म्हणजे तिथली मेट्रो घ्या. 1896 पासूनची आहे, एकच गोल, 15 स्टेशनं, डबे खेळण्यातल्यासारखे बुटके, स्टेशन चुकलं तर बसून राहा, फिरून पुन्हा येतं. रविवारी मात्र वेळ बघून निघा, संध्याकाळी लवकर बंद होते. केल्विनहॉलला उतरून केल्विनग्रोव्ह म्युझियम, तेही फुकट, दुपारी 1 च्या सुमाराला जा म्हणजे ऑर्गन ऐकायला मिळेल, रविवारी तो 3 ला असतो. तिथे एक पेंढा भरलेला हत्ती आहे आणि त्याच्या डोक्यावर अख्खं स्पिटफायर विमान टांगलंय. पोरं असतील तर अर्धा दिवस काढूनच ठेवा.

टिप आम्ही दोघांचे मिळून 20 पौंड दिले. तिने आधी नकाशाच्या मागच्या बाजूला माझ्याकडून असईचं स्पेलिंग लिहून घेतलं, मग पैसे घेतले.